मुगाच्या शेंगांवरून बाळंतपण

मुलांनो, अख्ख्या वऱ्हाडात वाट पाहणं एकाच बाईला जमत होतं, आणि बाकी सर्व बाबतींत तिच्याइतकी उतावीळ बाई मी दुसरी पाहिली नाही. अमरावतीला अंबापेठेत आमच्या मागच्या खोलीत राहणाऱ्या त्या नर्सबाई. चहा बशीत ओतण्याइतकाही त्यांना धीर नसे. सीताफळ अर्ध्या बियांसकट पोटात जाई. एकदा परतवाड्याच्या वाटेवर बस बंद पडली, तर ड्रायव्हर टपावरून पान्हा काढेपर्यंत या उतरून चालू लागल्या. मैलभर पुढे बसने त्यांना गाठलं, कंडक्टरने घंटी वाजवली, पण बाई काही मागे वळून पाहीनात. हीच बाई कळा येणाऱ्या पोरीच्या खाटेशी स्टूल ओढून बसली की वीस-वीस तास हलत नसे.

आमच्या गल्लीच्या टोकाच्या लहानशा बाळंतपणाच्या दवाखान्यात त्या होत्या. तिथे त्या पोरींना झोपू देत नसत, व्हरांड्यात फिरवत आणि नवऱ्याला शिव्या द्यायला लावत. "दे, मोठ्यानं दे! तोंड मोकळं झालं का खालचं दार बी मोकळं होते!" एका हेडमास्तरांची बायको मांजरालासुद्धा अहो-जाहो करणारी. तिने त्या दिवशी जे काही ऐकवलं, ते ऐकून बाहेर बाकावर बसलेल्या हेडमास्तरांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि दोन तास जमिनीकडे पाहत राहिले. बारसं मात्र त्यांनी थाटात केलं.

नर्सबाई बाळापूरकडच्या माळ्याच्या घरच्या. आईबरोबर बाजारात भाजी विकून मग नर्सिंग शिकलेल्या. त्यामुळे त्यांचं सगळं शास्त्र मळ्यातलं. खेड्यातल्या बायांना तारखा ठाऊक नसत, म्हणून त्या विचारत, "तवा वांग्याले फूल होतं का वांगं धरलं होतं? कापूस फुटला होता का बोंडातच होता?" आणि त्यावरून दिवस काढत. त्यांचं म्हणणं एकच, "कच्चं तोडलं तं धड भाजी बी नाई अन् फळ बी नाई." याचा अर्थ त्या चाकूच्या वैरी होत्या असा मात्र नव्हे. एका बाईचं अंग सुजलं, डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली, तेव्हा "आता कायची वाट पाहता? कळा आना, नाई तं कापा!" असं ओरडत डॉक्टरांना जेवणावरून उठवून आणणाऱ्याही त्याच. डॉक्टरांच्या हाताला वरण तसंच होतं.

हे डॉक्टर मुंबईहून नवे आलेले. माणूस चांगला, पण घड्याळाचा भक्त. कळा सुरू करायचं औषध बाटलीतून थेंबाथेंबाने द्यायची पद्धत तेव्हा नवी होती, आणि नव्या सायकलीवर पोरगं जसं उगीच फेऱ्या मारतं तसं त्यांचं चाललं होतं. दिवस उलटले की बाटली, बाटलीने भागलं नाही की टेबल.

वैशाखातल्या एका सकाळी माझा नंबर लागला. हिशेबाप्रमाणे मला दोन आठवडे वर झाले होते. हिशेब माझाच, सुवाच्य अक्षरात लिहून दिलेला. असल्या गोष्टी डायरीत लिहायची मला लाज वाटे. सासूबाईंना मात्र पक्कं आठवत होतं की श्रावणातल्या एकादशीला मी बाहेर बसले होते, कारण खिचडी त्यांना करावी लागली होती. मी जुन्या कॅलेंडरातली ती एकादशी शोधून तिची इंग्रजी तारीख काढली होती. डॉक्टर म्हणाले, "आधी एरंडेल, मग बाटली. संध्याकाळपर्यंत काही झालं नाही तर ऑपरेशन." मी हो म्हटलं.

नर्सबाईंनी माझं पोट चाचपलं आणि एरंडेलाचा पेला खिडकीत सरकवला. "ठेव तिथं. दाराच्या बिजागरीले कामी येईन. काय व, बाहेर बसली होती त्या दिवशी घरात सारे काय खात होते?"

मला हसावं की रडावं कळेना. पण आठवत होतं! मोर्शीच्या शेतातून मुगाच्या शेंगा आल्या होत्या. उपास धरलेले सोडून बाकी सगळे उकडून खात होते आणि मला कोपऱ्यात लांबून दोन मुठी टाकल्या होत्या.

"शेंगा? भरलेल्या?"

"हो, चांगल्या टपोऱ्या."

नर्सबाई तशाच डॉक्टरांच्या खोलीत घुसल्या. दार उघडंच होतं.

"डाक्टरसायेब, थांबा. हिचा हिशेब एका महिन्यानं चुकला हाय. एकादशीले मूग भरला होता म्हन्ते."

"बाई, मुगाच्या शेंगांवरून मी औषध ठरवू?"

"कागदावरून ठरवून राहिले ना? कागद हिनं लिहिला, शेंगा देवानं लिहिल्या. साल कोनतं होतं पाहा. अधिक होता त्या साली. शरावन दोन होते! पयल्यात मूग वीतभर असते, शेंग कुठून येईन?"

डॉक्टरांनी कॅलेंडर मागवलं आणि पानं उलटली. मी एकादशी शोधली होती ती अधिक श्रावणातली. पूर्ण एक महिना आधीची! दिवस उलटले नव्हतेच, उलट दोन आठवडे बाकी होते. "तुम्ही बी.ए. ना?" एवढंच डॉक्टरांनी मला विचारलं. मला घरी पाठवलं. अठराव्या दिवशी तुमचे बाबा आपल्या पायांनी, म्हणजे डोक्याने, जगात आले. मीही शिव्या दिल्या. तुमच्या आजोबांना त्या शेवटपर्यंत पाठ होत्या.

सहा वर्षांनी आमची अकोल्याला बदली झाली. नर्सबाई निवृत्त होऊन तिथेच भाच्याकडे राहत होत्या. तुमच्या बाबांना नवा शर्ट घालून मी भेटायला गेले.

"कोन व माय तू?"

मी सगळं सांगितलं. अंबापेठ, दोन श्रावण, डॉक्टर.

"कापा लागलं होतं का तुले?"

"नाही."

"मंग नाई ध्यानात. ज्यायले कापलं त्या साऱ्या ध्यानात हायेत." आणि हळू आवाजात त्या एकेकीचं नाव घेऊ लागल्या. कौसल्येपाशी थांबल्या. "तिले मीच म्हनलं होतं, कापा आता. लेकरू चांगलं झालं, ते बी चांगली झाली. पन अजून वाटते, घंटाभर थांबलो असतो तं?"

मी ती सगळी नावं ऐकत बसले. तुमचे बाबा कंटाळून माझा पदर ओढत होते. त्यांच्याकडे नर्सबाईंचं लक्षही नव्हतं. खोटं कशाला सांगू, मी जरा हिरमुसले. रस्त्याला लागल्यावर मात्र तुमच्या बाबांचा हात मी घट्ट धरला. ते म्हणाले, "आई, दुखतंय."