तांब्याने वाटलेली वाइन

बाटलीवर मोठ्या अक्षरांत ‘सेंद्रिय’ असं छापलं होतं. खाली द्राक्षाचा घड आणि बागेचे मालक आबा यांच्या घराण्याचं आडनाव. मी बाटली फिरवली. पत्रकं लिहून लिहून मला एवढं कळलं होतं, की खरं काय ते बारीक अक्षरांत असतं. तिथे मद्यार्काचं प्रमाण होतं.

“म्हणजे दारूच की,” मी म्हणाले.

“दारू न्हवं वो पावणं, वाइन!” आबा म्हणाले. “खताला शेण, गोमूत्र, गूळ, बेसन. बागंवर एक थेंब औषध मारल्यालं न्हाय.”

“औषध मारलं नाही म्हणून दारूची दारू राहत नाही का?”

आबा हसले. मला त्यांच्या हसण्याचाही संशय आला. तेव्हा मला बहुतेक सगळ्यांच्याच हसण्याचा संशय यायचा, आणि बऱ्याचदा तो खरा निघायचा.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. मी कोल्हापुरात शिकत होते आणि दारूबंदीच्या संघटनेत काम करत होते. कोडोलीपलीकडच्या या गावातलं दारूचं दुकान बायकांनी मतदान करून बंद पाडलं होतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं असायची. उभ्या बाटलीवर शिक्का म्हणजे दुकान राहू द्या, आडव्या बाटलीवर शिक्का म्हणजे बंद करा. गावानं बाटली आडवी केली. आणि त्यासाठी दारोदार फिरली ती याच आबांची धाकटी सून. मी तिला वहिनी म्हणायचे. बौद्ध वस्तीत ती चुलीपुढे बसून चहा प्यायली होती, बायकांना म्हणाली होती, “माझ्यावर विश्वास ठेवा. मी मागं फिरणार न्हाय.” त्या घरातली बाई वस्तीत येऊन असं बोलते, याचंच वस्तीला अप्रूप होतं.

आता त्याच घरानं ऊस मोडून टेकाडावर द्राक्षं लावली होती. थोरला मुलगा नाशिककडे वाइन करायला शिकून आला होता. गेल्या हंगामाची वाइन शेडमधल्या टाक्यांत तयार होती, आणि बागेतच विक्रीचं दुकान काढायला ग्रामसभेचा ठराव हवा होता. त्याआधी बायकांची सभा, तिथे पडला तर ठराव पुढे जाणार नव्हता. वहिनी कुठल्या बाजूला बसणार, हे बघायला मी आले होते. खरं सांगायचं तर ती फिरली असणार, असं मी एसटीतच ठरवून टाकलं होतं.

आबांनी माझ्यापुढे काचेचा पेला ठेवला. लाल, गडद. मी हात लावला नाही.

“घ्या की. हितं आल्याला माणूस रिकाम्या तोंडानं जात न्हाय. आमचं गुऱ्हाळ हुतं तवापासनंची रीत हाय.”

ही रीत मला माहीत होती. या भागात गुऱ्हाळावर कुणीही जावं, वाटसरूसुद्धा, त्याला रस मिळणार, वर काकवी मिळणार. नाही म्हणणं हा गुऱ्हाळवाल्याला कमीपणा. पण माझे वडील याच तालुक्यातले, आणि त्यांनी सांगितलेल्या रीतीत एक पोटकलम होतं. त्यांच्या ओंजळीत रस वरून ओतायचे, भांडं लागू न देता. रसाला ओंजळ आणि दारूला काचेचा पेला? माझ्या डोक्यात तिथल्या तिथे पत्रकाचा मथळा तयार झाला.

संध्याकाळी द्राक्षांची तोडणी सुटली. माणसं शेडकडे निघाली आणि मी बघतच राहिले. कुणाच्या हातात तांब्या, कुणाकडे कडीचा डबा. आबा टाकीच्या नळाशी स्टुलावर बसले होते आणि ज्याचं जे भांडं असेल ते भरून देत होते. “घे रं. घरी न्हे. आपल्याच रानातली हाय.” हिशेब नाही, विचारणं नाही. गुऱ्हाळावर रस देतात तसंच.

माझ्या शेजारी वस्तीतली एक मावशी हातातली कात्री पुसत उभी होती. तीही तोडणीलाच यायची.

“मावशी, हे रोजचंच?”

“व्हय. दुकान हुतं तवा पैसं संपलं की पिणं संपायचं. आता फुकाट हाय, संपणार कसं?” ती म्हणाली. “आमचा दादला म्हणतोय, ही सेंद्रिय हाय, बाधत न्हाय. काल सेंद्रिय पिऊनच मला ढकललं त्यानं.”

मी तडक वहिनीकडे गेले. ती गोठ्यात धार काढत होती.

“दुकान बंद पाडलंत, आता घरातनंच वाटताय. गिऱ्हाईक तयार करायचा डाव चांगलाय.”

“डाव न्हाय,” ती मान वर न करता म्हणाली. “मामंजींस्नी डाव जमत न्हाईत. त्यास्नी वाटतंय अजून रसच वाटतूय.”

“आणि तुम्हाला काय वाटतं?”

तिनं धार चालूच ठेवली. मी म्हणाले, “मावशीला काल नवऱ्यानं ढकललंय. तिनं आडव्या बाटलीवर शिक्का तुमच्या शब्दावर मारला होता.”

“सभेला ये,” एवढंच ती म्हणाली. त्यातनं मी अर्थ काढला, की सभेत गोड बोलून वेळ मारून नेणार.

सभा शाळेच्या व्हरांड्यात झाली. आबा फेटा बांधून आले. शेतकऱ्याच्या मालाला भाव, गावाचं नाव, पोरांना काम, सगळं बोलले. वाईट बोलले नाहीत. पुढच्या बायका माना डोलवायला लागल्या. वस्तीतल्या बायका मागे बसल्या होत्या आणि आबांकडे नाही, वहिनीकडे बघत होत्या.

ती उठली. “दुकान नगं,” म्हणाली.

“सूनबाई, खाली बसा,” आबा म्हणाले.

“बसते. पर बोलून. बायांनो, तुमच्या दारात यिऊन मी बाटली आडवी करा म्हणाले. आता ती आमच्या शेडात उभी हाय. बाहेर कोल्हापुरात, मुंबईत काय इकायची ती इका. गावात थेंब न्हाय. इकतबी न्हाय आन फुकाटबी न्हाय.”

“फुकाट दिल्यालंबी पाप व्हय?” आबांचा आवाज चढला. “आल्या माणसाला न्हाय म्हणू? माझ्या बाच्या गुऱ्हाळावर कुणी न्हाय ऐकलं न्हाय!”

“मी म्हणते न्हाय. तुमी म्हणू नगा.”

तिनं ठरावाच्या विरोधात हात वर केला. मागचे हात आधी वर गेले, मग पुढचे. दुकानाचा ठराव पडला. आबा उठून घरी चालते झाले.

आणि मला? मला आनंद व्हायला हवा होता. पण सभेत हात वर करायला काय लागतं? मी पुढाऱ्यांना सभेत एक आणि घरी एक करताना पाहिलं होतं. म्हणून दुसऱ्या दिवशी तोडणी सुटायच्या वेळी मी परत शेडवर गेले.

माणसं तांबे घेऊन आली होती. आबा स्टुलावर होते. पहिल्या माणसानं भांडं पुढे केलं तसे ते उठले, बागेत शिरले आणि वेलींच्या ओळींमागे दिसेनासे झाले. त्यांच्या तोंडून नाही निघेना. वहिनी नळापुढे येऊन उभी राहिली.

“न्हाय मिळणार.”

“मस्करी करताय व्हय, वहिनी?”

“न्हाय.”

“कालपतूर दिलीसा की! गुऱ्हाळावर तरी असलं कुणी केलं न्हाय.”

“हे गुऱ्हाळ न्हवं.”

एकानं शिवी दिली, तिला ऐकू जाईल अशी. एकानं रिकामा डबा पायरीवर आपटला. थोरला दीर शेडच्या दारात उभा होता, तोही मध्ये पडला नाही. मी शेवटचा माणूस जाईपर्यंत तिथेच थांबले. विश्वास नव्हता म्हणून थांबले, पाठिंबा म्हणून नव्हे.

वहिनीनं नळाला कुलूप लावलं आणि माझ्याकडे वळली.

“झालं बघून?”

“उद्या परत येणार.”

“ये की. उद्या ह्यातली निम्मी माणसं तोडणीला यायची न्हाईत, आन घड वेलीवरच सुकतील. मामंजी तर माझ्या हातचं पाणीबी घेत न्हाईत सकाळपासनं.” तिनं बागेकडे पाहिलं. तिथे मावशी आणि वस्तीतल्या दोघी अजून ओळ संपवत होत्या. “येताना कात्री घिऊन ये. नुसतं बघायला कुणी नगं.”

मी गेले. कात्री नेली. टाकीला कुलूप आहे ना, ते आधी बघितलं आणि मगच ओळीत उभी राहिले.