लिफ्टचं दार

आमचं लाडू तसं शहाणं पिल्लू आहे. येऊन फार दिवस झाले नाहीत, पण शू आली की गॅलरीत पसरलेल्या वर्तमानपत्राकडे धावतं. दिवसभर घर कोरडं असतं. संध्याकाळी मात्र बाहेर लिफ्टचं दार वाजतं, ह्यांच्या बुटांचा आवाज जवळ येतो आणि लाडू बसल्या जागीच शू करतं.

"अजून शिकवलं नाहीस ह्याला?" हे दारातूनच विचारतात. आवाज चढलेला नसतो. तो कधीच चढत नाही.

काल लिफ्ट वाजली तेव्हा मी फडकं घेऊन तयारच होते. लाडू कान पाडून, पोट फरशीला चिकटवून दाराकडे बघत होतं. मनात आलं, ह्याला आता शिकवायचं तरी काय? शूची जागा त्याला कळली आहे. भीतीला कुठली जागा दाखवायची?

घर एकदम शांत वाटलं, म्हणून मागे वळून पाहिलं. इतका वेळ गुणगुणणारी आमची लेक गप्प होऊन सोफ्यावरच्या उशा सरळ करत होती. माझ्या एका हातात फडकं होतं, दुसऱ्यात रिमोट. टीव्ही मी कधी बंद केला, तेच मला आठवेना.