प्लास्टरच्या आत

आमची मुलगी चालायला लागली ती चवड्यांवरच. टाच जमिनीला टेकायचीच नाही. मोखाड्यात आम्ही दोघं नवराबायको नोकरीला. मी प्राथमिक शाळेत, हे पंचायत समितीत. शेजारच्या बायका कौतुकानं म्हणायच्या, "पैंजण घाला हो हिच्या पायात." पण पाच वर्षांची झाली तरी ती बोलेना, हाक मारली तर वळून बघेना, आणि चाल तशीच. शेवटी नाशिकला नेलं.

तिथल्या डॉक्टरांनी ती स्वमग्न असल्याचं सांगितलं. नव्वदच्या दशकाच्या अखेरची गोष्ट. हा शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदाच ऐकला. तो नीट पचनी पडायच्या आत आम्हाला फिजिओथेरपीच्या बाईंकडे पाठवलं. बाईंनी तिचा गुडघा सरळ धरला आणि पाऊल वर दाबून बघितलं. पाऊल वर येईचना. लाकूड झालेलं.

"ही मुद्दाम करत नाही," बाई म्हणाल्या. "सतत चवड्यांवर चालून टाचेमागची शीर आखडलीय."

रोज माझ्याच हातानं धुतलेले ते पाय. मला कधी जाणवलं नव्हतं.

दोन्ही पायांना गुडघ्याखाली प्लास्टर घालायचं, शीर जरा सैल झाली की व्यायाम, असं ठरलं. निघताना बाईंनी बजावलं, "जास्त रडली तर लगेच घेऊन या."

"जास्त म्हणजे किती?" यांनी विचारलं. "ही केस विंचरतानाही रडते."

बाईंनी तिच्या पायाची बोटं दाबून दाखवली. "बोटं सुजतात का, निळी पडतात का, ते बघत राहा."

तिला सांभाळायला सासूबाई गावाहून, सूर्यमाळहून आल्या. मुलगी रडायची, प्लास्टर जमिनीवर आपटायची. मी बोटं बघायची. बोटं गुलाबी, गरम. मग मी शाळेत जायची.

एक दिवस शाळा सुटल्यावर घरी आले, तर घरात चिडीचूप. मोरीत सासूबाई उकिडव्या बसलेल्या, मुलीचे दोन्ही पाय पाण्याच्या घमेल्यात. सासूबाईंच्या हातात विळा. त्या भिजून मऊ झालेलं प्लास्टर कापत होत्या. पातं माझ्या मुलीच्या नडगीपासून बोटभर अंतरावर.

मी किंचाळले. "आई, काय करताय हे!"

त्यांनी मान वर केली नाही. "सकाळधरनं भिंतीला पाय हापटतेय पोर. मला नाय बघवलं."

मी विळा हिसकावला. तोंडाला येईल ते बोलणार होते. तेवढ्यात उजव्या पायाचा उरलेला तुकडा आपोआप गळून पडला आणि टाच दिसली. कातडी गेलेली, आत लाल मांस, आणि वास. दुखतंय, एवढं एक वाक्य तिला बोलता येत नव्हतं.

सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. त्यांनाही हे ठाऊक नव्हतं. त्यांना फक्त ते रडणं सोसवलं नव्हतं. यांनी दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं आम्हाला नाशिकला नेलं. जखम बघून बाईंचा चेहरा पांढरा पडला. "मुलं इतकी आपटतात, आतून घासलं जातं," म्हणाल्या, आणि पुढं, "काढलंत ते बरं केलंत. पण परत विळा नको."

जखम भरल्यावर प्लास्टरचा विषय कुणी काढला नाही. बाईंनी हातानं शीर ताणायला शिकवलं: हळूहळू, पण घट्ट धरून, कारण हलका स्पर्श तिला चावल्यासारखा लागायचा. माझ्या हाताखाली ती अंग ताठ करायची. सासूबाई मात्र जात्यावर नाचणी दळताना तिला मांडीशी घ्यायच्या. जात्याच्या घरघरीत ती शांत व्हायची, तेवढ्यात मी पाय ताणून घ्यायची. सुट्टीत सूर्यमाळला गेलो की सासूबाई तिला चढावर चालवत नेत. चढताना टाचेमागची शीर आपसूक ताणली जाते, हे बाईंनीच सांगितलं होतं.

टाच टेकायला दोन पावसाळे गेले. एका सकाळी ओसरीच्या ओल्या सारवणावर पावलं उमटलेली दिसली. इवली, पूर्ण पावलं, टाचेसकट; आजवर तिचे नुसते चवडेच उमटायचे. सासूबाईंना हाक मारली. त्यांनी वाकून एका ठशावरून बोट फिरवलं.

"कोण आलं होतं गं?" त्यांनी विचारलं.