आत्याची पहिलटकरीण

पहाटे शेडच्या पत्र्याखालून धुकं आत शिरायचं आणि आतल्या उबेत विरून जायचं. त्या वेळी आत्या कोमट पाण्याची नळी घेऊन फरशी धूत असायची. वाफ उठायची, वाफेपलीकडून डुकरिणींच्या संथ घोरण्याचा आवाज यायचा, आणि आपण अजून अंथरुणातच आहोत, हे सगळं आपल्याला दिसतंय नुसतं, असं तिला वाटत राहायचं. आत्या तिला सगळेच म्हणायचे. मालक म्हणायचे, जनावरांच्या डॉक्टरीणबाई म्हणायच्या, खाद्याच्या गाडीचा ड्रायव्हरही म्हणायचा. ही नक्की कुणाची आत्या, हे विचारायला कुणाला सवड नव्हती.

बाईला वेड एकच, स्वच्छतेचं. डुकरं आणि स्वच्छता! हसा, खुशाल हसा. तिचा नवराही हसायचा. "माझा शर्ट चार दिवस खुंटीला लटकतोय, आणि तिकडे डुकरिणींच्या कानामागचा मळ काढतेस!" म्हणायचा.

"त्या निमूट बसतात," आत्या म्हणायची. "तुम्ही बसता का?"

विण्याची खोली तिच्या ताब्यात होती. गाभण डुकरीण दिवस भरत आले की तिथे यायची, आणि पिल्लांना बाहेरच्या जगात पहिला हात लागायचा तो आत्याचा. त्या खोलीसाठी तिने जीव टाकला होता. तिथल्या दिव्याच्या तांबूस उजेडात, गवताच्या वासात ती तासन्‌तास बसायची. कुणी हाक मारली तर लांबून कुठून तरी परत आल्यासारखी "ओ" द्यायची.

आणि भोपळी. जन्मली तेव्हा ओंजळीत मावेल एवढीशी होती. भावंडांनी तिला आचळाला चिकटू दिलं नाही, म्हणून आत्याने बाटलीने दूध पाजून वाढवली. पुढे अशी गोलमटोल झाली की नाव आपोआप पडलं. आत्याच्या पावलांचा आवाज ओळखायची, पोटच्या पोरीसारखी मागे मागे यायची.

आता मालकांची एक जुनी रीत होती. तरुण मादी पहिल्यांदा फळवायच्या आधी काही आठवडे म्हाताऱ्या डुकरिणींच्या शेजारच्या कप्प्यात ठेवायची आणि त्यांच्याखालचं मळकं गवत रोज तिच्या कप्प्यात टाकायचं. "घरातली घाण अंगावर घेऊ दे," मालक म्हणायचे. "त्याशिवाय पोरगी घरची होत नाही."

"हो मालक," आत्या म्हणाली. आणि भोपळीला पार टोकाच्या कप्प्यात नेऊन ठेवलं. ताजं गवत, धुतलेलं भांडं. त्या म्हाताऱ्यांचा वारासुद्धा लागू दिला नाही. मालक टोकापर्यंत कधी यायचे नाहीत, आणि आत्याच्या शब्दावर त्यांचा डोळे मिटून विश्वास होता.

भोपळी फळली आणि मग इतर गाभण माद्यांबरोबर मोठ्या शेडमध्ये गेली. कधी शिंकली नाही, कधी खाणं टाकलं नाही. वेळेवर व्यायला बसली. आत्या फडकं घेऊन तयार होती.

पहिलं पिल्लू जिवंत आलं. दुसरं आलं ते बोटाएवढं, काळं, वाळलेल्या शेंगेसारखं. तिसरं तळहाताएवढं, तेही तसंच. मग एक पूर्ण वाढलेलं, पण मेलेलं. प्रत्येकाची वाढ पोटात वेगळ्या वेळी थांबली होती. आत्याने ती मेलेली सगळी फडक्यावर ओळीने ठेवली आणि एकेक पुसत बसली, आता पुसून काय होणार होतं!

डॉक्टरीणबाईंनी नुसतं पाहूनच ओळखलं. "हा विषाणू आईला काही करत नाही, पोटातल्या पिल्लांना खातो. म्हाताऱ्यांना तो कधीच होऊन गेलेला असतो, त्यांना भीती नाही. गाभण असताना जिला पहिल्यांदा भेटतो तिचं हे असं होतं. हिला आधी म्हाताऱ्यांशेजारी ठेवली होती ना? म्हणजे तो तेव्हाच होऊन गेला असेल."

"हो तर! ती आपली रीतच आहे," मालक म्हणाले. "काय गं आत्या?"

आत्याने मान हलवली. होकारार्थी.

"मग कारण दुसरंच काही तरी असणार," डॉक्टरीणबाई कोड्यात पडल्या.

"कारण कसलं? खोट हिच्यातच आहे," मालक म्हणाले. "शनिवारी कसायाची गाडी येतेय. जाऊ दे हिला."

घरी येऊन आत्याने ताट तसंच सरकवलं. नवऱ्याने हळूच आपली खुर्ची लांब ओढली. "तो रोग माणसांना होत नाही ना?"

"फक्त डुकरांना होतो. तुम्ही जपून राहा," ती म्हणाली, आणि तिला एकदम रडू कोसळलं. नवऱ्याने पाणी आणून दिलं.

दुपारी तिला डुलकी लागली. स्वप्नात ती फरशी धूत होती आणि पाणी थांबतच नव्हतं. शेड आरशासारखी लखलखत होती, इतकी की तिच्यात कुणीच उरलं नव्हतं. टोकाच्या कप्प्यात एकटी भोपळी उभी होती, पांढरीशुभ्र, आणि पाण्याबरोबर हळूहळू पुसट होत चालली होती. आत्या नळ बंद करायला धावली, तर नळी तिच्याच हातात होती.

जागी झाली तेव्हा उन्हाची तिरीप भिंतीवर चढली होती. अति तिथं माती म्हणतात ते खोटं नाही. आणि मातीही स्वतःच्या नाही, त्या मुक्या जिवाच्या वाट्याला! खरं सांगितलं तर विण्याची खोली हातची जाणार, हे तिला स्वच्छ दिसत होतं. नाही सांगितलं तर भोपळी गाडीत चढणार. आत्या उठली, चपला घातल्या आणि निघाली.

मालक खाद्याची पोती उतरवून घेत होते.

"मालक, मी तिला म्हाताऱ्यांजवळ ठेवलंच नव्हतं. टोकाच्या कप्प्यात ठेवली होती. घाण लागू नये म्हणून. डॉक्टरीणबाईंसमोर मी खोटं बोलले. तिच्यात खोट नाही, माझ्यात आहे."

मालकांनी हातातलं पोतं खाली ठेवलं. ओरडले असते तर बरं झालं असतं.

त्यांनी फोन लावला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असं असेल तर ती आता पक्की झाली, पुढच्या खेपेला या रोगाची भीती नाही. आणि यापुढे रीत-बीत पुरे, सगळ्या तरुण माद्यांना लस टोचायची.

"भोपळी राहील," मालक म्हणाले. "पण आत्या, विण्याच्या खोलीत तू नको. उद्यापासून म्हाताऱ्यांकडे जा." आणि म्हाताऱ्यांकडचं माणूस विण्याच्या खोलीत पाऊल ठेवत नाही, हाही तिथला नियमच.

आत्या म्हाताऱ्यांकडे गेली. त्यांना आंघोळ घालायची नाही, असं तिने मनाशी ठरवलं आणि दोन दिवसांत मोडलं. स्वभावाला औषध नाही. भोपळी पुन्हा गाभण राहिली, हे तिला ड्रायव्हरकडून कळलं.

मग एका धुक्याच्या सकाळी, म्हाताऱ्यांचं गवत ढकलगाडीवर घालून ती विण्याच्या खोलीमागून चालली होती, आणि भिंतीपलीकडून आवाज आला. बारीक, चिरका. मग दुसरा. मग इतके एकात एक मिसळले की वेगळे काढता येईनात, आणि सगळ्यांच्या खालून भोपळीचं ते दूध पाजतानाचं एकसुरी हुंकारणं. आत्या तिथेच थांबली. तिने मळक्या हातांनीच भिंत धरली.

मालक बाहेर आले. त्यांच्या बाह्या कोपरापर्यंत ओल्या होत्या. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, तिच्या चिखलाच्या बुटांकडे पाहिलं. आत ये म्हणाले नाहीत. म्हणता येत नव्हतं.

"किती झाली, विचारणार नाहीस?"

"नको," आत्या म्हणाली. "ऐकू येतंय."