सुट्टीचा अर्ज

अकरावीसाठी नागपूरला निघाले त्या सकाळी अड्याळच्या स्टँडवर मला सोडायला घरातले तिघेही आले होते. बाबांच्या खांद्यावर तांदळाची चुंगडी, मायच्या हातात जवसाच्या चटणीचा डबा, आणि ताई रिकाम्या हातानं उभी. तिला जड उचलायची मनाई होती. ताईला सिकलसेल होता, रक्ताचा जन्मजात आजार. वर्षातून तीन-चारदा तिचे हातपाय असे दुखायचे, की ती उशीत तोंड खुपसून पडायची. मग भंडाऱ्याचा दवाखाना, सलाईन, आणि चारेक दिवसांनी ताई परत घरी, चुलीपुढे. त्या दुखण्यापायीच तिची शाळा दहावीनंतर सुटली होती.

बस आली. बाबा म्हणाले, "नीट राहजो." माय नुसती रडत होती. ताई खिडकीशी येऊन म्हणाली, "तिकडं इंग्रजी लय कडक असते म्हणते. भिऊ नोको."

कडक म्हणजे काय, ते पहिल्याच तासाला कळलं. इंग्रजीच्या मॅडमनी प्रत्येकीच्या बाकावर एक छापील कागद ठेवला. वर्गात फक्त इंग्रजीत बोलायचं. दर सोमवारी दोन पानांचा निबंध, मंगळवारी घेतला जाणार नाही. महिन्याला एक पुस्तक वाचायचं. गाईडमधलं एक वाक्य सापडलं तरी शून्य. सुट्टी हवी असेल तर अर्ज इंग्रजीत, स्वतःच्या शब्दांत. चुका असतील तर दुरुस्तीसाठी परत मिळेल. खाली विद्यार्थिनीची आणि पालकांची सही.

पहिल्या रविवारी तो कागद घेऊन मी घरी आले. बाबांना इंग्रजी येत नव्हतं. ताईनं बोट ठेवून एकेक ओळ वाचली, अडली, पुन्हा वाचली आणि बाबांना मराठीत सांगितली. बाबांनी सही केली. ताई म्हणाली, "बाई चांगली दिसते वं. तुयाकडून करून घेईन सारं."

आणि खरंच घेतलं. पहिल्या निबंधाला दहापैकी दोन मिळाले. नागपूरच्या मुली तोंड उघडलं की भराभरा बोलायच्या. मी वाक्य आधी मनात जुळवायची, आणि जुळेपर्यंत विषय पुढे गेलेला असायचा. वर्गात हात वर करणं मी सोडून दिलं. पण होस्टेलवर मी घोकायची, खोडायची, परत लिहायची. दिवाळीच्या आधी सहा मार्क मिळाले. मॅडम पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसल्या. त्या हसण्यासाठी मी काहीही केलं असतं. हे मी लपवणार नाही, कारण पुढचं सगळं त्यातूनच घडलं.

दिवाळीनंतरच्या एका बुधवारी संध्याकाळी फोन आला. बाबांच्या मोबाइलवरून ताईच बोलत होती, भंडाऱ्याच्या दवाखान्यातून. आवाज बारीक.

"वर्षे, येशीन का वं दोन दिवस?"

"लय दुखून राहिलं का?"

"नेहमीचंच हाय. पण तू ये ना." मग म्हणाली, "कागदावर लिवलं होतं ना, अर्ज द्या लागते. तं लिव अर्ज, अन् ये."

इतक्या वर्षांच्या दुखण्यात ताईनं कोणाला बोलावलं नव्हतं. हे मला आज कळतं. त्या दिवशी मला एवढंच ऐकू आलं, की नेहमीचंच आहे.

मी अर्ज लिहायला बसले. चार कागद फाडले. गुरुवारी तासानंतर मॅडमसमोर धरला. त्यांच्या हातात वह्यांचा गठ्ठा होता, पुढच्या वर्गाची घंटा झाली होती. चालता चालता त्यांनी पेन काढलं आणि एका वाक्याला गोल केला. 'माय सिस्टर इज इल सिन्स थ्री डेज.' म्हणाल्या, "करेक्ट इट अँड ब्रिंग इट टुमारो." तेव्हा मराठीत एवढं म्हणायचं होतं, की मॅडम, माझी बहीण दवाखान्यात आहे, मला जाऊ द्या. माझ्या तोंडातून निघालं, "येस मॅम."

नागपूर ते भंडारा दीड-दोन तासांचा रस्ता. मी न विचारता बसमध्ये बसले असते तर काय झालं असतं? फार तर रागावल्या असत्या.

शुक्रवारी दुपारी मी बरोबर वाक्य घेऊन गेले. 'हॅज बीन इल फॉर.' आधी सुरू झालेलं, अजून सुरू असलेलं. मॅडमनी सही केली, खाली 'गुड' लिहिलं. मी खूश झाले. ताईला दाखवायला तो कागद बॅगेत ठेवला. संध्याकाळी होस्टेलवरून बाहेर सोडत नसत, म्हणून सकाळच्या पहिल्या बसनं निघायचं ठरवलं.

शनिवारी सकाळी भंडाऱ्याच्या स्टँडवर बाबा एकटेच उभे होते. मी म्हटलं, "चला दवाखान्यात." ते माझी बॅग हातात घेऊन म्हणाले, "घरी जाऊ. तुया ताईले घरी आणलं."

मला वाटलं, दवाखान्यातून सुट्टी मिळाली. अड्याळच्या बसमध्ये बाबांनी माझी बॅग मांडीवर धरून ठेवली. गावात उतरलो, घरासमोर माणसं बसलेली दिसली, तेव्हा समजलं. ताई शुक्रवारी संध्याकाळीच गेली होती. मी एकटी होते म्हणून बाबांनी फोनवर सांगितलं नाही.

परतल्यावर मॅडमनी स्टाफरूममध्ये बोलावलं. पहिल्यांदाच मराठीत बोलल्या, "अगं, मला मराठीत का नाही सांगितलंस?" त्यांचे डोळे भरले होते. पुढच्या वर्षी नव्या मुलींना मिळालेल्या कागदावर ती अर्जाची ओळ नव्हती. मला त्यांचा राग आला नाही. आला असता तर बरं झालं असतं, स्वतःवरचा थोडा कमी झाला असता.

आज मी बंगळुरूला आहे. दिवसभर इंग्रजीत मेल लिहिते, मीटिंगमध्ये बोलते, लोक माझ्याकडून मसुदे तपासून घेतात. हे सगळं त्या वर्गानं दिलं. जे गावात राहिले ते म्हणतात, वर्षाचं चांगलं झालं. जे माझ्यासारखे निघून आले, ते काही म्हणत नाहीत. त्यांच्याही मनात कुठला तरी एखादा शुक्रवार असतो.

गेल्या दिवाळीत घरी गेले तर माय म्हणाली, "तू चहा घेणार का?" पाहुण्यांशी बोलावं तशा शुद्ध भाषेत.

"माय, काहून अशी बोलून राहिली मायासंग?"

ती ओशाळली. "तुले आता आमचं बोलणं बरं नसंन वाटत, म्हणून."

मी तिच्याजवळ जाऊन बसले. मी का उशिरा आले, हे तिनं इतक्या वर्षांत विचारलं नाही. त्या दिवशी मीच सांगितलं, चार कागद फाडल्यापासून सगळं. शब्द अर्धे इकडचे, अर्धे तिकडचे. माय ऐकत राहिली, मग पदरानं माझं तोंड पुसून म्हणाली, "लेकरूच होतीस वं."

नंतर तिनं तीन ताटं वाढली. बाबा खांबाजवळ बसले, माय चुलीजवळ, मी दाराकडे. भिंतीलगतची ताईची जागा मोकळीच राहिली. तिकडे कोणी सरकलं नाही. आम्ही जेवायला लागलो. आता माझं घर ते एवढंच.