उद्घाटनाआधीचा नारळ

मला तहानच लागत नाही, असं सातवीत असताना मी सगळ्यांना सांगायचे. साफ खोटं. तहान लागायची, भरपूर लागायची. पण पाणी प्यायल्यावर जायचं कुठे?

भिवंडीकडच्या अंजूरजवळ आमच्या गावात आधी शाळेमागे शेतं होती, बांधावर झुडपं होती. मुली जोडीनं जायच्या, एकीनं राखण करायची. मग दोन हजार सालानंतर शेतं विकली जाऊ लागली आणि गोदामं आली. आमच्या वडिलांनीही एक तुकडा विकून टेम्पो घेतला, तेव्हा मी कुणाला नावं ठेवू? पण भराव पडला, झुडपं गेली, आणि आमच्या आडोशाच्या जागी ट्रक उभे राहू लागले. त्यात ड्रायव्हर, क्लिनर दिवसभर पाय पसरून बसलेले. तिथे कोण जाणार?

खरा संताप यायचा तो शाळेच्या संडासाचा. पावसाळ्याआधीच बांधून तयार होता. मुलींसाठी वेगळा, पांढऱ्या लाद्यांचा, वर पाण्याची टाकी. आणि दाराला भलंमोठं कुलूप! कारण उद्घाटन व्हायचं होतं, आणि ज्यांच्या हातून ते व्हायचं त्या पाहुण्यांना वेळ नव्हता. त्यांच्या नावाची पाटी भिंतीत बसवून वर कापड टाकलेलं. आमचे मुख्याध्यापक गुरुजी माणूस म्हणून वाईट नव्हते, घाबरट होते. "लाद्यांवर चिखलाचे पाय उमटले तर पाहुण्यांना काय दाखवू?" म्हणायचे. आम्ही मुली त्या झाकलेल्या पाटीकडे बघत पाय आवळून बसायचो.

दिवाळीनंतर मला उन्हाळी लागली. लघवीला आग, अंगात ताप. भिवंडीच्या डॉक्टरांनी औषध दिलं आणि पाणी भरपूर पाजा म्हणून सांगितलं. घरी आल्यावर वडील म्हणाले, "बस झाली शाळा. सातवीपर्यंत गेली, लय झाला. आता घरान बसूंदे."

त्यांचा आवाज चढलेला नव्हता, म्हणून मी जास्त घाबरले. चिडलेल्या माणसाला मनवता येतं. काळजीपोटी ठरवलेलं कसं फिरवणार? मी भिंतीकडे तोंड करून रडत राहिले. आईनं समजूत वगैरे काढली नाही. "मना आधी शाळा बघूंदे," एवढंच म्हणाली.

ताप उतरल्यावर ती मला घेऊन शाळेत गेली. हातात पिशवी. गुरुजी ओटीवरच भेटले.

"गुरुजी, कुलूप काढा."

"अहो, उद्घाटन व्हायचंय अजून."

"कवा?"

"ते पाहुण्यांच्या हातात आहे."

"आन माझी पोर आजारी पडली, ते कोणाचे हातान हाय?"

गुरुजी चष्मा पुसू लागले. आईनं पिशवीतून नारळ काढला, तसे ते दचकलेच. "संडासाला नारळ? असं कुठे असतं का?"

आमच्याकडे नवीन काही आलं की नारळ फुटतो. होडी असो, टेम्पो असो, बोअरिंग असो. नारळ फुटला की वस्तू वापरात आली, मग त्यावर कुणी चकार शब्द काढत नाही. फक्त संडासापर्यंत हा मान अजून कुणी नेला नव्हता.

"आमी टेम्पो घेतला," आई म्हणाली, "तवा दारान नारळ फोडला नि त्याच दिवशी भाडा मारला. वज्रेश्वरीला पाया पडाला मागून गेलो, सवड झाली तवा. देवी रागावली न्हाय. तुमचा पाव्हणा देवीपरीस मोठा हाय का?"

गुरुजी आत गेले आणि किल्ली घेऊन आले. "पाहुणे आले की आधी वापरलाय हे बोलू नका हं," असं मात्र हळूच म्हणाले.

आईनं नळाखालच्या दगडावर नारळ फोडला, भोवती जमलेल्या पोरींना आणि गुरुजींना खोबरं वाटलं. संडासाचा प्रसाद खायचा की नाही, या विचारात गुरुजी तुकडा धरून उभे. आम्ही मुली हसून हसून बेजार. शेवटी डोळे मिटून त्यांनीही तो तोंडात टाकला.

मी दाराकडे धावले, तर आईनं हात आडवा घातला. "थांब, मी बघते." ती आत गेली. आमच्या घरी तेव्हा टेम्पो होता, संडास नव्हता, आणि कुणालाही त्यात काही चुकीचं वाटत नव्हतं. आई जन्मभर पहाटे काळोखात खाडीकडे गेलेली. आतून कडी लागल्याचा आवाज आला. मग आईनं दार जोरात हलवून पाहिलं. कडी निघाली, पुन्हा लागली, पुन्हा दार हललं. बाहेर आली तेव्हा तिचे डोळे भरले होते. मला आत ढकलून म्हणाली, "सावकाश बस. कोणी येत न्हाय."

आत गेल्यावर जे हायसं वाटलं ते काय सांगू! कितीतरी महिन्यांत पहिल्यांदाच मला घाई नव्हती. बाहेर पोरी दार बडवत होत्या तरी मी उठले नाही.

संध्याकाळी वडील टेम्पो लावून घरात आले. आईनं ना गुरुजींचं सांगितलं, ना नारळाचं. "शाळेच्या संडासाला आतून कडी हाय," म्हणाली.

वडिलांनी विचारलं, "तू सवता लावून बघलीस?"

"दोनदा."

"मग जाऊंदे तिला."