मूठ-मूठ तांदळाचा भात

मंडळी, हा कागद मी आज चर्चच्या फळ्यावर मुद्दाम लावते आहे. कोणी काढू नये.

आपण बाया रोज भात टाकताना देवाच्या नावानं एक मूठ तांदूळ बाजूला काढतो. रविवारी सगळ्यांच्या मुठी एकाच डब्यात पडतात आणि तो डबा गरजूंच्या घरी जातो. आज उपासना सुटल्यावर तो घेऊन मी शेजारच्या गंगाबाईकडे गेले. सूत मिळत नाही म्हणून तिचा माग दोन महिन्यांपासून बंद आहे, तेव्हापासून डबा तिच्याकडेही जातो.

तिनं चाचरत विचारलं, "बाई, राग नका मानू. हा भात तुमी कसा शिजवता? माह्या हातानं अर्धा कच्चा राहते, अर्ध्याचा गारा होते. लेकरं खाऊन नाही राहिले."

मी डब्यातले तांदूळ हातावर घेऊन पाहिले. कुणाच्या घरचा नवा, कुणाचा जुना, कुणाची नुसती कणी. तो एका आधणात कसा शिजणार? इतकी वर्षं आपल्यातल्या एकीनंही तो शिजवून पाहिला नाही!

डबा तसाच परत आणला आणि आपल्या चर्चच्या पंचांना सांगितलं, तर म्हणाले, "धर्माच्या गाईचे दात काहून मोजते ती?"

अहो, दात तिनं मोजलेच नाहीत. तिला वाटलं, चूक आपल्याच हाताची आहे.

या आठवड्यात तिच्याकडे माझ्या घरचा एकजात तांदूळ जाईल. येत्या रविवारच्या प्रीतिभोजनाचा भात शिजवायचं काम माझ्याकडे आहे, तो या डब्यातल्या तुमच्या मुठींचाच करणार. पानात कोणी टाकायचा नाही. पंच पहिल्या पंगतीला बसतील ना?